तिच्यासमोर बोलू नका

धुकं असं दाट उतरलं होतं की गॅलरीत वाळत घातलेले कपडे कालपेक्षा जास्त ओले झाले होते. तिनं नवऱ्याची पँट पिळून पाहिली, तर पाणी निघालं. "घ्या, पुन्हा धुऊन मिळाली," ती स्वतःशीच पुटपुटली आणि पँट तशीच दोरीवर टाकली. भांडी पडली होती, सासूबाईंचं अंथरूण काढायचं होतं, आणि दुपारपर्यंत संपादकांना विषय द्यायचा होता.

रविवारच्या पुरवणीत ती सदर लिहायची. नोकरी नव्हती, लेख छापून आला तर काम, नाहीतर घरी बसा. विषयही आपला आपणच हुडकायचा. अलीकडे ती जे सुचवी ते संपादक माशी हाकलल्यासारखं उडवून लावत. काल तर म्हणाले, "बाई, हे कुणीही लिहील. तुमचं ते घरातलं, आतलं असायचं ना, तसलं द्या. उद्या दुपारपर्यंत. नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाकतो."

आतलं कुठून आणायचं? घरात आता तिच्यासमोर कुणी तोंड उघडत नव्हतं.

तिची पद्धत साधी होती. भाजी निवडता निवडता कान उघडे ठेवायचे, ऐकलेल्याचं नावगाव बदलायचं, की माणूस झाकला गेला. मावससासवांची भांडणं, शेजारणीची गेलेली नोकरी, सगळं तसंच निभावलं. मग तिनं नणंदेचं लिहिलं. नणंदेची मैत्रीण केली, शिक्षिकेची नर्स केली. फक्त एक वाक्य जसंच्या तसं ठेवलं, कारण सगळा लेख त्याच्यावर उभा होता: 'रडायचं म्हटलं तरी मला नळ सोडावा लागतो.' नणंदेच्या नवऱ्यानं ते वाचलं. वर्षानुवर्षं तो नळ ऐकत आला होता. त्यानंतर नणंद माहेरी फिरकली नाही.

भांडी उरकून ती कोपऱ्यावरच्या शिवणवालीकडे गेली. तिथं सकाळी बायकांचा घोळका असायचा, काहीतरी कानावर पडेल अशी तिला आशा होती.

"आल्या गं! मिटा आपापली तोंडं, रविवारी छापून येतील," शिवणवालीनं दात काढले.

"माझं लिहायचं तर वय कमी करून लिहा हं," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या, तीही हसली. मग बायका धुक्याबद्दल बोलायला लागल्या आणि ती निघेपर्यंत धुक्यावरच बोलत राहिल्या.

ती परतली तेव्हा कामावर गेलेल्या नवऱ्याचे बूट दारात होते. स्वयंपाकघरातून त्याचा दबका आवाज आला. "रिपोर्ट माझ्याकडेच असू दे, आई. ऑपरेशनची तारीख ठरली की मग तिला सांगू. पित्ताचे खडे आहेत म्हणू."

ती दारात आली. सासूबाईंच्या हातात गोळ्यांची पट्टी होती. ती लपवायलाही त्यांना सुचलं नाही.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"उन्हाळ्यापासून," नवरा म्हणाला.

"आणि मला नाही सांगितलंत?"

सासूबाई स्टुलावर टेकल्या. "कशी सांगू गं? छातीला गाठ आहे म्हणून सांगायचं, आणि रविवारी ती गाठ गावभर? लेकीचं झालं तेवढं पुरे. मी गेल्यावर लिही काय लिहायचं ते."

तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधी डोक्यात पहिलं वाक्य आलं. मथळासुद्धा आला. आतलं होतं, अगदी आतलं. तिला स्वतःची शिसारी आली.

तेवढ्यात फोन वाजला.

"बोला बाई, सापडला का विषय?" संपादकांनी विचारलं.

सासूबाई टक लावून तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"नाही सापडला," ती म्हणाली. "द्या ती जागा कुणालाही."

"बघा हं, पुन्हा मिळायची नाही."

"माहितीय."

तिनं फोन ठेवला. "नाही म्हणाले मी, आई. सदर सोडलं."

सासूबाईंनी गोळी गिळली, वर पाणी घेतलं. "आज नाही म्हणालीस," त्या म्हणाल्या, रागानं नव्हे, नुसत्या थकून. मग लेकाकडे वळल्या. "चल, बाहेरच्या खोलीत बोलू."

दोघं उठून गेली. दार हळूच लोटलं गेलं. पलीकडे कुजबुज सुरू झाली, आणि सवयीनं तिचे कान तिकडे वळले. तशी ती गॅलरीत गेली. धुकं अजून हटलं नव्हतं. तिनं पँट उतरवली, पुन्हा पिळली आणि उलटी करून दोरीवर टाकली.