कोचची पाठ आणि आत्याची गाडी

तिचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. घरात आणि बाजारात सगळे तिला उसवी म्हणत. लहानपणी तिने पाहुण्यांच्या कोटाचं अस्तर, आईची उशी आणि थोरल्या भावाचं दप्तर 'आत काय आहे' एवढं बघायला उसवून ठेवलं होतं. नाव तेव्हा चिकटलं ते चिकटलंच. पुढे तिने गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान काढलं आणि ज्या खोडीपायी धपाटे खाल्ले होते तिच्यावरच पोट भरायला लागली.

बेचाळिशी आली तरी तिला गाडी चालवता येत नव्हती. दुकानात ती सायकलवर यायची. तरीही नात्यात कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की पहिला फोन तिलाच.

"मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही," ती दर वेळी सांगायची.

"कळायची गरज नाही," नातेवाईक म्हणायचे, "तू नुसती बसून सांग."

आणि ती खरोखर बसून सांगायची. माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, पण चार वर्षं कुणाचं तरी बूड सोसलेली सीट खोटं बोलत नाही, हे तिचं ठाम मत. गाडीवाला कसा बसायचा, किती बसायचा, गाडीत पाणी शिरलं होतं का, हे ती सीटखाली हात घालून ओळखायची. आजवर तिने पाच नातेवाइकांना गाडी निवडून दिली होती आणि अकरा गाड्या मोडीत काढल्या होत्या.

एका सोमवारी दुकान उघडताच आत्या आणि आतोबा येऊन उभे राहिले. म्हणजे आत्या उभी राहिली. आतोबा दारातल्या फोमच्या गुंडाळीवर लिहिलेली जाडी खरी आहे का, ते खिशातल्या टेपने मोजत होते. त्यात त्यांचा दोष नव्हता. अख्खी नोकरी त्यांनी दुकानदारांची वजनमापं तपासण्यात काढली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी आकडा दिसला की त्यांना तो खोटाच वाटायचा.

"आम्हाला गाडी घ्यायची आहे," आत्या म्हणाली. "जुनी. पण स्पोर्टी."

"भरवशाची," आतोबा टेप गुंडाळत म्हणाले. "आणि मोठ्या डिकीची."

"डिकी असू दे. पण पळणारी हवी."

"आत्या, तुला लायसन्स मिळून सहा महिने झालेत," उसवी म्हणाली.

"तिसऱ्या खेपेला मिळालं. म्हणजे माझा सराव इतरांच्या तिप्पट झाला," आत्या म्हणाली आणि मग आवाज उतरवून पुढे बोलली, "अगं, तीस वर्षं मी कापडाच्या मोठ्या दुकानात लिफ्ट चालवली. वर आणि खाली. कुणी कितीही घाईत असो, लिफ्ट आपल्या चालीनं. आता मला सरळ जायचंय, आणि कुणीतरी मागे पडलेलं बघायचंय."

आतोबांनी बजेटचा आकडा सांगितला. तो ऐकून उसवीला वाटलं, एवढ्यात स्पोर्टी मिळेल किंवा भरवशाची मिळेल. दोन्ही मिळायला नशीबच लागेल.

पहिली गाडी एका विक्रेत्याच्या आवारात पाहिली. रुपेरी रंगाची, आरशासारखी चकचकीत, नवीकोरी सीटकव्हरं. विक्रेता गाडीपेक्षाही चकचकीत होता. आत्या स्टिअरिंगला हात लावून हरखली तोवर उसवी मागच्या सीटखाली अर्धी शिरली होती. बाहेर आली ती बोटावर वाळकी माती घेऊन.

"सीटच्या स्प्रिंगा घोट्यापर्यंत गंजल्यात. ही गाडी पोहून आलीय," ती म्हणाली.

"थोडा पाऊस लागला असेल," विक्रेता म्हणाला.

"पाऊस वरून लागतो. हा खालून लागलाय."

दुसरी गाडी लालभडक होती, पाठीवर पंख आणि धुराच्या नळीतून वाघाचा आवाज. मालकीण एक तरुण केशरचनाकार होती. मीटरवर वीस हजार किलोमीटर होते. आत्या तर मनाने केव्हाच ती गाडी घेऊन गावाबाहेर पोचली होती. पण ड्रायव्हरची सीट एका बाजूला खचली होती, क्लचचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं.

"सीट एवढी खचायला लाखभर किलोमीटर लागतात," उसवी पुटपुटली.

आतोबांच्या चेहऱ्यावर सहा वर्षांत आली नव्हती अशी टवटवी आली. त्यांनी वही काढली, चष्मा लावला आणि मालकिणीकडे वळले. "मीटर मागे कुणी फिरवलं? तारीख आठवते का?"

"काका, मी पण जुनीच घेतलीय हो," ती रडवेली झाली. तिलाही कुणीतरी असंच फसवलं होतं. आतोबांनी तिला पाऊण तास बसवून तक्रारीचा अर्ज लिहून दिला. आत्या तेवढा वेळ लाल गाडीकडे पाठ करून उभी होती, न जाणो मन पाघळलं तर.

तिसरी गाडी राखाडी. बघून कुणाची मान वळणार नाही अशी. मालक पोहायला शिकवणारे एक निवृत्त गृहस्थ, सगळी गल्ली त्यांना कोच म्हणायची. गाडी दहा वर्षांची, सगळी सर्व्हिसिंग वेळेवर, प्रत्येक पावती तारखेनिशी फायलीत. आतोबांनी फाइल वाचली, परत पहिल्या पानापासून वाचली आणि त्यांना चूक सापडली नाही. ते किंचित खट्टू झाले.

"दिसायला अगदीच गरीब आहे," आत्या म्हणाली.

"चालवून बघा," कोच म्हणाले. "हिचं इंजिन त्या वेळचं सगळ्यात दांडगं. वरून कळत नाही."

आत्या चालवायला, आतोबा शेजारी, उसवी मागे. गल्लीतून गाडी लग्नातल्या नवरीसारखी निघाली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर आत्याने पाय दाबला आणि उसवीचं डोकं मागच्या टेकणीवर आदळलं. उसवी जन्मभर गाड्यांत बसली होती, पण बहुतेक वेळा त्या दुकानात उभ्या असताना. तिने डोळे घट्ट मिटले. पुढून आतोबा शांतपणे सांगत होते, "आता ब्रेक लाव. हं. तीन सेकंद. ठीक आहे. वळणावर झुकली नाही. लिहितो." ज्या बाईला लिफ्टमध्येसुद्धा मजल्यामजल्यावर बोलायला लागायचं, ती गप्प होती. उसवीने एक डोळा उघडून आरशात पाहिलं. आत्या हसत होती, एकटीच.

परत आल्यावर आत्या म्हणाली, "घेतली." आतोबा म्हणाले, "थांब, सीट बघायची राहिलीय."

उसवीने नेहमीसारखा ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला. बोटांना शिवणीचं टोक लागलं. तीन आडवे टाके, एकावर एक. तिने वाकून पाहिलं. काळ्या रेक्झिनला निळा दोरा.

असं टोक अख्ख्या शहरात एकच बाई बंद करत होती, आणि ती बाई आत्ता इथे गुडघ्यांवर बसली होती. चार वर्षांपूर्वी एका गॅरेजने सुटी सीट पाठवली होती: उद्या सकाळी हवी. काळा दोरा संपला होता, चांगला फोमही संपला होता. तिने उरलीसुरली फोमची कात्रणं चिकटवून आत भरली, वरून झकास शिवली आणि मनाशी म्हटलं, पुढच्या आठवड्यात बोलावून बदलून देऊ. तो पुढचा आठवडा अजून यायचा होता.

"एवढी गुणी गाडी विकताय कशाला?" वर आतोबा कोचना विचारत होते.

"गाडीत दोष नाही, माझ्या पाठीत आहे," कोच कमरेला हात लावत म्हणाले. "बसलो की अर्ध्या तासात कळ येते. चार वर्षं झाली. शेक घेतले, पट्टा बांधला, शेवटी डॉक्टर म्हणाले, उंच गाडी घ्या."

चार वर्षं. उसवी सीटखालून बाहेरच येईना. गप्प बसलं तर काय बिघडणार होतं? आत्याला गाडी मिळेल, नंतर गुपचूप फोम बदलून देता येईल, कोच उंच गाडीत सुखात बसतील. सगळ्यांचं भलं. ती हा हिशेब तिसऱ्यांदा जुळवत होती तेव्हा आतोबांनी खाली वाकून विचारलं, "काय म्हणते सीट?"

अकरा गाड्यांचे मालक तिच्या डोळ्यांपुढून गेले. त्या प्रत्येकाला तिने चारचौघांत उघडं पाडलं होतं.

"गाडी चांगली आहे," ती उठून म्हणाली. "सीटमध्ये लबाडी आहे. आणि ती माझी आहे."

तिने सगळं सांगितलं. दोऱ्यासकट.

आतोबांनी चष्मा काढला. "मापात पाप," ते हळूच म्हणाले. पन्नास दुकानदारांना त्यांनी हे सुनावलं असेल, पण भाचीला सुनावायची वेळ येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

कोचनी कमरेवरचा हात काढला. "म्हणजे माझी पाठ ठणठणीत आहे?"

"असेल," उसवी म्हणाली.

"मग मी गाडी का विकतोय?"

आत्याने उसवीकडे असं पाहिलं की तिला परत सीटखाली जावंसं वाटलं.

ठरलं ते असं. उसवीने सीट फुकट नवी करून द्यायची, कोचनी आठ दिवस गाडी चालवायची, मग बोलायचं. उसवीने त्याच दिवशी सीट उसवली. आतली कात्रणं बघून तिला स्वतःचीच लाज वाटली. दुकानातला सगळ्यात घट्ट फोम घातला, काळा दोरा आणला, आणि टोक बंद करताना आतोबा शेजारी टेप घेऊन बसले होते.

ते आठ दिवस आत्या तिच्याशी बोलली नाही. बोलायचंच झालं तर फोन आतोबांच्या कानाला लावून मागून सांगायची, "अहो, तिला विचारा, एवढं खरं बोलायला आजवर कुणी सांगितलं होतं का."

नवव्या दिवशी कोचचा फोन आला. "पाठ तशीच आहे हो. डॉक्टर म्हणाले, जन्मभर तलावाच्या कडेला वाकून शिट्टी मारल्याचं दुखणं आहे. तुमच्या सीटला उगीच बोल लावला."

दुसऱ्याची पाठ दुखते म्हणून एवढं बरं उसवीला कधी वाटलं नव्हतं.

"गाडी घेऊन जा," कोच म्हणाले. "फक्त सीट आता नवी आहे, तेव्हा किंमत जरा वाढवावी लागेल."

दुकानात आलेल्या आतोबांनी फोन घेतला. "सीट आमच्या भाचीची आहे. ती काढून घेतो, मग सांगा किंमत."

कोच हसले आणि जुन्याच आकड्यावर आले.

उसवीला मात्र चैन पडेना. त्या काळात तिने आणखी दोन सीटांत कात्रणं भरली होती. तिने जुन्या पावत्या चाळून दोन्ही गिऱ्हाइकं शोधली. एकाची गाडी केव्हाच भंगारात गेली होती; 'त्यातली सगळ्यात टिकाऊ वस्तू सीटच होती,' असं तो म्हणाला आणि तिला ओशाळल्यागत झालं. दुसरी फुलवाली होती, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. "बदलून देणार असाल तर आजच या," ती म्हणाली, "आणि मागची सीटही उसवलीय, तीही बघा."

फोमची एवढी गुंडाळी सायकलवर बांधणं शक्य नव्हतं. उसवी ती खांद्यावर घेऊन दुकानाच्या दारात विचार करत उभी होती, तेवढ्यात राखाडी गाडी समोर येऊन थांबली. आत्याने काच खाली केली.

"यांच्याकडून कळलं," ती म्हणाली. "माझा राग गेलेला नाही. डिकीत टाक ते आणि पुढे बस."

"हळू चालवशील?"

"फुलवाली वाट बघतेय ना?"

उसवी बसली आणि पट्टा दोनदा ओढून पाहिला. दुसऱ्या वळणापर्यंत तिने डोळे उघडे ठेवले.