ग्लेंडा समोरच्या दारानं जाणार होती

माझी थोरली बहीण ग्लेंडा तीसेक वर्षं केंब्रिजच्या एका कॉलेजात खोल्या आवरायला जायची. पोरांचे बिछाने घालायचे, कचरा काढायचा, बेसिनं घासायची. बेडर म्हणतात इथं. आमची आईपण बेडरच होती, त्याच कॉलेजात. आईचे गुडघे गेले तेव्हा तिच्या जागी ग्लेंडा लागली. गावाच्याच कडेला आमची अर्बरी वस्ती, तिथल्या निम्म्या घरात असंच आहे, कुणाची तरी आई नाहीतर मावशी कुठल्या ना कुठल्या कॉलेजात बादली घेऊन जातेच.

पहाटे उजाडायच्या आत सायकल काढायची ती. गल्लीत मागचं दार आहे, कचऱ्याच्या डब्यांपाशी, तिथनं आत. दुपारी तिथनंच बाहेर. समोरचं मोठं दार, ज्याच्यापुढं जगातली माणसं फोटो काढायला उभी असतात, त्या दारानं ती कधी गेली नाही. कुणी अडवलं असतं असंही नाही. पण जात नाहीत बेडर तिथनं. आई पण नाही गेली.

मी डेस, तिचा धाकटा भाऊ. व्हॅन चालवतो. माझी शाळा लवकर सुटली, ग्लेंडाची त्याहून लवकर, कारण मला सांभाळायला कुणीतरी हवं होतं.

एकदा ती आवरायची त्या जिन्यावरच्या खोलीतल्या एका पोरीची आई गावाकडनं आली होती. ती पोरगी आईचा हात धरून समोरच्या दारानं आली, हे बघ, ते बघ, ही माझी खिडकी. आणि ग्लेंडाच्याच हातात कॅमेरा दिला, आमचा दोघींचा काढता का म्हणून. ग्लेंडानं काढला. घरी येऊन मला म्हणाली, "डेस, मी इतकी वर्षं तिथं आहे आणि मी कुणालाच काही दाखवलं नाही रे."

मी म्हटलं, "मला दाखव की."

"तुला काय दाखवायचं? तू चर्चमध्ये पण च्युइंगम खातोस."

पण तेव्हापासनं डोक्यात बसलं तिच्या. रिटायर झाल्यावर टुरिस्टसारखं जायचं. समोरच्या दारानं, तिकीट काढून. गावच्या लोकांना फुकट सोडतात, पण ते नको म्हणाली. फुकट तर आयुष्यभर जातेच आहे. तिची एक लाडकी खिडकी होती, जिन्यावरची, तिथनं नदी पण दिसते आणि पलीकडच्या गाई पण. काम झालं की तिथं उभी राहून चहा प्यायची. कुठली ते सांगायची नाही. "आत गेल्यावर दाखवीन," म्हणायची.

रिटायर झाली आणि त्याच हिवाळ्यात पोटात कॅन्सरचं निघालं. वाढलेलं होतं. औषधं देऊन बघितली, मग डॉक्टर म्हणाले आता थांबू या, थोडे दिवस बरं वाटेल. ते थोडे दिवस मे महिन्यात आले.

त्या दिवशी तिनं एका लग्नासाठी घेतलेला निळा कोट घातला. दोन ग्लेंडा मावल्या असत्या त्यात. लिपस्टिक लावली, गळ्यात कॅमेरा. मी व्हीलचेअर मागून आणली होती. अंड्याची सँडविचं, चहाचा थर्मास, सगळं तिच्या मांडीवर. बसमधनं उतरलो आणि मी ढकलायला लागलो.

"जरा हळू! सिमेंटची पोती आहेत का?"

"पोती बोलत नाहीत," मी म्हटलं.

"गप बस. टुरिस्ट लोक ढकलणाऱ्याशी बोलत नसतात."

पुलापाशी होडीवाल्या पोरांनी गाठलंच. "या मॅडम, नदीतनं कॉलेजं बघा! कुठनं आलात?"

"लई लांबनं आलेय बाळा," ग्लेंडा म्हणाली. "अर्बरीच्या बसनं."

ते पोरगं हसलं. ती पण हसली. कितीतरी महिन्यांनी.

मग आम्ही दारापाशी आलो आणि तिथं पाटी होती. परीक्षा चालू आहेत. पाहुण्यांना कॉलेज बंद. जूनच्या मधल्या आठवड्यानंतर उघडेल.

दर वर्षी बंद असतं. सगळ्या गावाला माहीत आहे. आणि ग्लेंडाला तर परीक्षा काय नवीन नव्हत्या, त्या महिन्यात ती जिन्यावर मोजे घालून चालायची, बाकीच्या बायकांना बादल्या आपटू नका म्हणून ओरडायची. पण दर मे महिन्यात ती आतच असायची. बाहेरची पाटी आतनं कशी दिसणार?

मला पण सुचलं नाही. मी काय, व्हॅन कुठं लावायची तेवढंच बघतो गावात.

थर्लो म्हणून दरवान आहे, जुना, काळी गोल टोपीवाला. तो बाहेर आला. आधी ओळखलंच नाही त्यानं. मग म्हणाला, "ग्लेंडा? अगं, इकडनं कुठं?"

"बघायला आले होते, मिस्टर थर्लो."

त्यानं पाटीकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं. हळूच म्हणाला, "मागनं ये. गल्लीतनं. मी उघडतो. तुला कोण विचारतंय? तू आपल्यातलीच."

मी खुर्ची वळवायला लागलो. तिनं चाक धरलं.

"नको, डेस."

"अगं आत तर जाऊ. आत गेल्यावर सारखंच ना?"

"सारखं नाही. मागनं मी बादली घेऊन जाते." मग थर्लोला म्हणाली, "तुमची नोकरी जाईल उगाच. पोरं अभ्यास करतायत. आम्ही जूनमध्ये येतो."

त्यानं टोपी काढली, मयत जाताना काढतात तशी. ती टोपी त्यानं काढायला नको होती. मला तेव्हाच कळलं आणि तिला पण कळलं.

रस्त्यापलीकडं कट्ट्यावर बसून सँडविचं खाल्ली. म्हणजे मी खाल्ली. मी म्हटलं, "इथनं दिसते का तुझी खिडकी? कुठली ती तरी सांग."

"इथनं नाही दिसत. आतल्या बाजूला आहे." थर्मासचं झाकण लावत म्हणाली, "जूनमध्ये दाखवते म्हटलं ना. घाई काय तुला?"

मी परत विचारलं नाही. विचारलं तर जून येणार नाही असं म्हटल्यासारखं झालं असतं.

ती जूनमध्ये गेली. परीक्षा संपून पोरांच्या नाचाच्या पार्ट्या चालू होत्या त्या आठवड्यात. त्याला मे वीक म्हणतात आणि तो येतो जूनमध्ये, इथं सगळंच उशिरा. सकाळी हॉस्पिटलमधनं बसनं घरी आलो तर रात्रभर नाचलेली पोरं सुटाबुटात सीटवर झोपली होती. एका पोरीनं चपला हातात धरल्या होत्या. मला वाटलं यातल्या कुणाचा तरी बिछाना तिनं घातला असेल.

कॉलेज उघडलं तसा मी गेलो. समोरच्या दारानं, तिकीट काढून. थर्लो नव्हता, दुसराच कोणी होता, त्यानं गवतावर पाय देऊ नका एवढं सांगितलं. आत चौकात खिडक्याच खिडक्या. सगळ्या सारख्या. नदीकडच्या बाजूला गेलो तर तिथं पण ओळीच्या ओळी. नदी आणि गाई दोन्ही कुठनं दिसत असतील ते खालनं कसं कळणार? वर जायला पाहुण्यांना बंदी. तिचाच कॅमेरा होता. सगळ्या खिडक्यांचे फोटो काढले. असेल त्यात एखादी.

वरच्या एका खिडकीतनं एका बाईनं फडकं झटकलं. मी हात केला. ती आत सरकली.

बाहेर जायचा बाण पाहुण्यांना गल्लीत घेऊन जातो. मागचंच दार. कचऱ्याचे डबे, आणि भिंतीला टेकलेल्या बायकांच्या सायकली. मी त्यात ग्लेंडाची सायकल शोधत बसलो. आणि ती तर माझ्याच शेडमध्ये आहे.