मेन खाली ओढणारे नाना

नाना गुरुवारी गेले. आमच्या चाकणच्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे कारखान्यांची सुट्टी, आणि वीजवाल्यांचाही दुरुस्तीचा दिवस. उभ्या नोकरीत एकही खाडा न केलेल्या माणसानं, निवृत्तीनंतर का होईना, जायला सुट्टीचाच वार निवडावा... त्यांच्या थोरल्या मुलाचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, आणि मी चक्क "वा!" म्हणालो. जीभ चावून काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तोच म्हणाला, "मलाबी तेच वाटलं बघा." त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. माझी जीभ अजून चावलेलीच आहे, पण लिहायला हरकत नाही.

नाना आमच्या वर्कशॉपचे वायरमन. मूळचे मोशीचे. त्यांच्या शेताच्या जागी आता बारा मजली सोसायट्या उभ्या आहेत, आणि त्यातल्याच एकीत मी परभणीहून येऊन भाड्यानं राहतो. "तू माझ्या हरभऱ्यात ऱ्हातोस, इंजिनेर, इसरू नको," असं ते चारचौघांत ऐकवायचे. जमिनीचे पैसे आल्यावर गावातल्या त्यांच्या वयाच्या लोकांनी पांढरे कपडे आणि मोठ्या गाड्या घेतल्या. नानांनी नवा टेस्टर घेतला. शिफ्ट सुटली की ते एक फेरी मारायचे. प्रत्येक मोटरला हाताची पाठ लावून बघायचे, जशी आपण पोराच्या कपाळाला लावतो, आणि शेवटी पॅनलपाशी जाऊन मेन स्विच खाली ओढायचे. खट्! अख्खी शेड काळोखी. कुणी एकदा एखाद्या फुटकळ चार्जरसाठी गयावया केली तर म्हणाले, "आपण घरी आन् वीज आत, हे मला चालत न्हाई." पूर्वीच्या एका शेडमध्ये विसरलेल्या हीटरनं लागलेली आग त्यांनी पाहिली होती, एवढंच मला माहीत. त्याबद्दल ते कधी बोलत नसत.

आता माझ्याकडे येतो. मी तिथला डिझाइनर. यंत्रावर पार्ट घट्ट धरून ठेवणारी फिक्श्चरं काढतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या गेटपाशी एक ट्रक मागे घेत होते. मी उत्साहानं "येऊ द्या, येऊ द्या" करत हात हलवत होतो आणि त्या भरात स्वतःच मागे मागे जात केबलसाठी खणलेल्या चरीत पडलो. ट्रक अगदी बरोबर जागी लागला. माझा पाय दोन ठिकाणी मोडला. दीड महिन्याचं प्लॅस्टर! आणि नेमकं तेव्हाच एका मोठ्या गिऱ्हाइकाचं पहिलं काम हातात आलेलं. ड्रॉइंग पुढच्या शुक्रवारी सकाळी द्यायची. मालक भेटायला आले, केळी ठेवली, आणि जाता जाता म्हणाले, "तुम्ही आराम करा. एक माणूस सोमवारपासून यायला तयार आहे." केळं माझ्या घशातच अडकलं.

मी म्हणालो, मी घरून करतो. प्रश्न असा की डिझाइनचा दांडगा कंप्युटर वर्कशॉपच्या केबिनमध्ये. तो चालू असला तर घरच्या लॅपटॉपवरून त्यावर काम करता येतं. पण चालू करणार कोण, आणि नानांच्या राज्यात तो रात्रंदिवस चालू ठेवणार कोण? म्हणून मी एक डॅशबोर्ड उभा केला. हाताच्या पंजाएवढा एक छोटा कंप्युटर वर्कशॉपमध्ये कायम जागा राहणार. त्याच्यावर एक वेबपेज. पेजवर प्रत्येक कंप्युटरच्या नावापुढे एक गोल, झोपला असेल तर लाल, जागा असेल तर हिरवा. मी घरून गोल दाबला की तो छोटा डबा तिथल्या नेटवर्कवर "ऊठ" असा संदेश सोडणार. बाहेरच्या कुठल्या कंपनीची तयार सेवा नको, कारण गिऱ्हाइकाची ड्रॉइंग बाहेर जाता कामा नयेत अशी अट. सगळं आपलं, आपल्याच डब्यात. जोडणी नानांनी केली, मी व्हिडिओ कॉलवर पलंगावरून हुकूम सोडत होतो.

"नाना, निळी वायर."

"निळ्या दोन हायेत."

"मग... जी जास्त निळी आहे ती."

"इंजिनेर, तू पायावर पडलास का डोक्यावर?"

त्या संध्याकाळी पहिली चाचणी. लोकांनी आपापले कंप्युटर बंद केले होते, शेड अजून चालू होती. एकेक गोल दाबून बघायला काय हरकत होती? पण मी "सगळे उठा" असं एक मोठं बटण केलं होतं, आणि ते दाबल्याशिवाय मला राहवेना. सगळे उठले! मालकांच्या केबिनमधलाही. त्याच्यावर दुपारी अडकून पडलेली एक छपाई होती, ती उठल्या उठल्या सुरू झाली. गिऱ्हाइकाकडचे दोन साहेब समोर चहा घेत बसलेले, आणि प्रिंटरमधून मालकांच्या पुतण्याचा लग्नाचा बायोडेटा बाहेर पडतोय, रंगीत, फोटोसकट, चाळीस प्रती. एका साहेबांनी एक प्रत नीट वाचून घडी करून खिशात ठेवली म्हणे. मालकांनी मला फोनवर एकच वाक्य सुनावलं, "शुक्रवारी सकाळी ड्रॉइंग नाही, तर सोमवारी तुम्ही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेज उघडलं. गोल लाल. दाबला, लाल. पुन्हा दाबला, लालच. दोन दिवस मी तो सगळा प्रोग्रॅम उलटापालटा केला, राउटरला शिव्या घातल्या, इंटरनेटवाल्याशी भांडलो, बायकोनं रिक्षाला हात करावा तसा हवेत हात हलवत बसलो. संध्याकाळी मुद्दाम बंद करून बघितला की शहाण्यासारखा उठायचा. सकाळी मेला ढिम्म. शेवटी नाना सकाळी पोचले की स्वतः त्याचं बटण दाबायला लागले. म्हणजे माझा डॅशबोर्ड होता नाना, आणि त्याला उठवायला मी फोन करायचो. मंगळवारी त्यांनीच विचारलं, "रात्री मी मेन ओढतो, त्याचं तर न्हाई ना काही?"

मी कपाळावर हात मारून घेतला. बंद कंप्युटरचा एक कान उघडा असतो, त्याला थेंबभर वीज लागते. ती तोडली की कान बंद, आणि सकाळी वीज आली तरी एकदा हातानं उठवल्याशिवाय तो कान पुन्हा उघडत नाही. हे मला ठाऊक होतं. मेन नाना रोज ओढतात हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टींची ओळख करून द्यायला चौथी पास वायरमन लागला.

पण वाया गेलेले दोन दिवस परत कुठून आणायचे? शेवटची दोन ड्रॉइंग राहिली, आणि आता मध्ये गुरुवार. शेडला कुलूप, त्यात लाइनही दुपारपर्यंत जाणार. मी नानांना म्हणालो, "एक दिवस मेन चालू ठेवा. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"न्हाई."

"नाना!"

"सतरांदा विचार, न्हाईच." आणि फोन बंद. त्या दिवशी मी नानांच्या हरभऱ्यात बसून नानांना काय काय म्हणालो, ते छापण्यासारखं नाही.

बुधवारी संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल. पॅनलशेजारी एक नवा छोटा बोर्ड, आणि गेटवरच्या कॅमेऱ्याला, मेनच्या आधीच्या लाइनवर, जो इन्व्हर्टर होता त्याच्यापासून केबिनपर्यंत पाइपातून नेटकी ओढलेली वायर. "तुझा झोपलेला कंप्युटर खातोय किती, मीटर लावून बघितलं. झिरोच्या बल्बाएवढं बी न्हाई. त्याला, राउटरला आन् तुझ्या डब्याला ही येगळी लाइन दिली. शेडचा मेन खाली, आन् तुझा कान उघडा. फकस्त लाइट यायच्या आधी उठवू नको, इन्व्हर्टर बसंल."

"पण लाइट आली हे मला कसं कळणार?"

"लाइनमन आपल्या गावचा हाय."

गुरुवारी पावणेचारला फोन वाजला. "आली. दाब." मी दाबला. फक्त तो एक गोल, शपथ! लाल... लाल... आणि हिरवा! कुलूप लावलेल्या, मेन ओढलेल्या, चिटपाखरू नसलेल्या शेडमध्ये माझा कंप्युटर उठून बसला होता. मी प्लॅस्टरसकट पलंगावर उभा राहिलो, आणि पलंगाची फळी मोडली. नाना फोनवरच होते. "कसला आवाज आला? दुसरा पाय का?" मला हसू आवरेना, त्यांनाही. संध्याकाळी साडेसातला दोन्ही ड्रॉइंग रवाना झाली. शुक्रवारी पसंत पडली, काम पक्कं झालं, सोमवारी सोमवारसारखा सोमवार आला आणि मी नोकरीत होतो.

प्लॅस्टर निघाल्यावर मालकांनी सगळ्यांना बोलावून माझं कौतुक केलं. मी दहा मिनिटं डॅशबोर्डवर भाषण ठोकलं आणि नानांचं नाव घ्यायला विसरलो. बाहेर आल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "उठवायचं केलंस. निजवायचं कुठाय?" कान धरून मी निजवायचं बटणही केलं. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी शाल-नारळ बाजूला ठेवून माझ्यापुढे मोबाइल धरला, "ते पान ह्याच्यात घालून दे." तेव्हापासून रोज संध्याकाळी मोशीच्या ओट्यावर बसून नाना आमचे कंप्युटर एकेक करून बंद करायचे. मोतीबिंदूमुळे अक्षरं दिसत नसत, म्हणून त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, नावं वाचायच्या आणि ते बोट ठेवायचे. कुणी अजून काम करत असेल तर पडद्यावर पाच मिनिटांची सूचना यायची, पाठोपाठ फोन, "घर हाय का न्हाई तुला?" ज्या माणसाशी वीज आत राहावी म्हणून मी भांडलो, त्यानं माझंच हत्यार घेऊन चाकणची शेड मोशीतून रोज काळोखी केली. हरलो मी, आणि एवढ्या थाटात हरल्याचं मला अजूनही मिरवावंसं वाटतं.

ते गेल्यावर त्यांच्या मोबाइलची परवानगी काढून टाकायची होती. हात होईना. तेरावं झालं, आणि त्यानंतरच्या सोमवारी मी केबिनमध्ये उशिरापर्यंत बसलो होतो. साडेसहाला काचेपलीकडचा पहिला पडदा विझला. मग दुसरा. मग स्टोअरमधला. मी जागच्या जागी... खोटं कशाला सांगू, खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो. माझ्या पडद्यावर सूचना आली, पाच मिनिटं. आणि फोन वाजला.

"इंजिनेर, काकू बोलतेय. तुमचा एकच हिरवा ऱ्हायलाय. किती वेळ बसायचं आमी?"

मी ड्रॉइंग सेव्ह केलं आणि उठलो.