पत्ता नसलेली वेबसाईट

न्हावऱ्याच्या आप्पांचं वर्कशॉप कांदा निवडायच्या यंत्रांचं. दौंडच्या कृषी प्रदर्शनात परगावचा एक व्यापारी त्यांना म्हणाला होता, "वेबसाईट काढा. ती बघतो, पटलं तर फोन करतो आणि दहा यंत्रं घेतो." स्वतःचं कार्ड न देताच तो गेला. आता सगळी भिस्त वेबसाईटवर.

गावात लिहिणारा म्हणून मी प्रसिद्ध होतो, तो कारखान्याच्या निवडणुकीतल्या निनावी पत्रकांमुळं. ती निनावी असली तरी कुणाची हे साऱ्या गावाला ठाऊक असायचं. आप्पांनी काम माझ्यावरच सोपवलं.

मी वहीत चार आठवडे आखले: मजकूर, फोटो, मांडणी, तपासणी. त्यातले दोन आठवडे शिरूरच्या सायबर कॅफेतल्या डिझायनरशी 'सर्वोत्तम' या एका शब्दावरून भांडण्यात गेले. जाहिरात म्हणजे लबाडी, हे माझं ठाम मत. पहिल्या पानावर मी लाल अक्षरांत घातलं, "शेतकरी बांधवांनो, जागे व्हा!" वर्कशॉपच्या फोटोत शेजारच्या पिठाच्या गिरणीची पाटी आली होती. डिझायनर ती कापायला निघाला. "वास्तव कापायचं नाही!" मी गरजलो. तपासणीला दिवसच उरले नाहीत.

साईट सुरू झाली. आप्पा रोज टेलिफोनजवळ खुर्ची टाकून बसायचे. फोन येईना. दहाव्या दिवशी ते माझ्याबरोबर शिरूरला आले आणि स्क्रीनवर वाकून एकेक पान बघत गेले.

"लेखक, समदं हाय. पर आपला नंबर कुठं हाय?"

नव्हता. पत्ताही नव्हता. शेवटच्या पानाखाली मी सवयीनं सही केली होती, 'जागरूक तरुण'.

"आरं, आपल्याला यंत्रं इकायचीत का सरकार पाडायचंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवाला पिठानं माखलेला तसाच धावत आला. "आप्पा, चला लवकर! कोनतरी मानूस माझ्या गिरणीत फोन करून कांद्याची यंत्रं मागतोय. फोन तसाच धरून ठिवलाय."

व्यापाऱ्यानं फोटोतल्या पाटीवरचा नंबर लावला होता. दहा यंत्रांचं ठरलं.

"बघितलंत? म्हणूनच मी वास्तव कापू दिलं नाही," मी म्हणालो.

शिरूरला जाऊन आप्पांनी माझी घोषणा काढायला लावली आणि तिथं तेवढ्याच लाल अक्षरांत वर्कशॉपचा नंबर घातला. मी निषेधाचं पत्रक काढलं. खाली नाव टाकलं नाही.