डायरीतल्या माझ्या सह्या

माझी शाळा तिसरीपर्यंत. तेवढ्यात सही मात्र पक्की शिकलो. तहसीलीत जमिनीच्या पट्ट्याच्या कामाला गेलो की कारकून शाईची डबी पुढं सरकवायचा. माझ्या वयाच्या माणसाचा अंगठाच घ्यायची त्याला सवय. मी डबी मागं सारायचो, म्हणायचो, कलम द्या. मग पूर्ण नाव, आडनावासकट, वर सरळ रेघ. रांगेतले लोक वाकून पाहायचे. हे सांगतो याचं कारण, पुढं जे झालं ते याच सहीमुळं झालं.

नात नववीत होती तेव्हाची गोष्ट. मुलगा मंचेरियलला कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडं कामाला, सणावाराला येतो. घरी मी, सून आणि नात. आमच्या गावची शाळा मराठी, पण सातवीपर्यंतच. तोवर पोरगी पहिल्या नंबरात. आठवीपासून मंडळाच्या, म्हणजे तालुक्याच्या, गावी हायस्कूल, आणि तिथं सगळं तेलुगू. आम्ही तेलंगणात सीमेवर राहणारी मराठी माणसं. बाजारापुरती तेलुगू मला येते, कापसाचा भाव करता येतो, शिवी दिली तर समजते. वाचता येत नाही.

हायस्कुलात एक डायरी देतात. मॅडम त्यात पोराविषयी लिहितात, आणि घरच्या माणसानं खाली सही करून ती परत पाठवायची. नात शनिवारी डायरी आणायची. मी हात धुवायचो, चष्मा लावून बाजेवर बसायचो, लाल अक्षरांवरून बोट फिरवायचो. काय लिहिलं म्हणून विचारलं तर ती म्हणायची, नेहमीचंच आबाजी. मी मान हलवायचो आणि सही करायचो. सुनेनं दोनदा म्हटलं, शाळेच्या मीटिंगला मी जाऊन येते. ती किनवटकडची, दहावी झालेली. मी म्हटलं, घरात मोठा माणूस असताना तू काऊन जाशील? आणि मीही गेलो नाही. मला तेलुगू वाचता येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं. त्यालाच मी मान समजत होतो.

कापूस वेचायचे दिवस होते. एका दुपारी मॅडम स्वतः घरी आल्या, स्कुटीवर, डायरी घेऊन. बाई तरुण, तेलुगू घरची, आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलल्या. पोरगी कुठं आहे, विचारलं. शाळेत, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, जेवणाच्या सुटीनंतर ती शाळेत नसतेच, दोन महिने झाले. मी तापलो. दोन महिने झाले आणि मला आज सांगता? त्यांनी डायरी उघडून माझ्या मांडीवर ठेवली आणि एकेक पान वाचत गेल्या. दुपारनंतर वर्गात नव्हती. खाली माझी सही. तीन दिवस आली नाही. सही. चाचणीचा कागद कोरा दिला. सही. पालकांनी येऊन भेटावे. त्याच्याही खाली सही, रेघेसकट.

"आप ने ही किया ना?" त्यांनी विचारलं.

माझंच नाव होतं. नाही कसं म्हणणार?

जाताना त्या म्हणाल्या, हजेरी अजून खाली गेली तर हेडमास्तर नाव काढतील. आमच्याकडं एकदा नाव निघालेली पोरगी परत शाळेत गेलेली मी पाहिली नाही. सहा महिन्यांत तिला पाहायला पाहुणे यायला लागतात, कोणी नको म्हणत नाही.

संध्याकाळी नात रोजच्या वेळेला आली, दप्तर पाठीवर. मी विचारलं, दुपारी कुठं राहतेस? तिनं आधी आईकडं पाहिलं, मग सांगितलं. सरकारी दवाखान्याच्या बाकावर. तिथं बसलेल्या माणसाला कोणी विचारत नाही. वर्गात उभं करून वाचायला लावतात, अडकलं की पोरं हसतात, मागून कोणी "मराठी, मराठी" करते. सकाळचे तास कसेतरी निघतात, दुपारचे निघत नाहीत.

"अभ्यास केला तर येत नाही का?" मी म्हटलं.

"उत्तर येते आबाजी. प्रश्नच समजत नाही."

हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. माझ्या सहीचा तमाशा झाला होता, मला तेवढंच दिसत होतं. मी म्हटलं, राहू दे मग शाळा, उद्यापासून आईसंग वावरात जा. गावात माझी ओळख अशी, की बोललो ते फिरवत नाही.  पोरगी दप्तर खुंटीला अडकवून भांडी घासायला गेली.

सुनेनं मला पंधरा वर्षांत उलटून शब्द दिला नव्हता. त्या दिवशी दिला, तोही हळू आवाजात.

"मामाजी, तिले नाही समजलं तर ती उठून गेली. तुमाले नाही समजलं तर तुमी सही केली."

मी चपला घालून बाहेर पडलो. वावराच्या धुऱ्यावर दिवस बुडेपर्यंत बसलो. आधी सुनेचाच राग येत होता. मग आठवलं, मी सही करताना ती पोरगी कशी समोर उभी राहायची. माझं बोट अक्षरांवरून फिरायचं आणि तिची नजर त्या बोटावर असायची. मी एकदा जरी म्हटलं असतं, बाई, मले हे येत नाही, तर तीही म्हणाली असती, मलेही येत नाही. तिला घरात असं म्हणणारं कोणी दिसलंच नाही.

सकाळी सुनेला म्हटलं, लुगडं बदल, शाळेत जायचं आहे. पोरीला म्हटलं, दप्तर घे. बोललेलं फिरवलं ते असं, जास्त शब्द न करता.

हेडमास्तरांच्या खोलीत ते होते, मॅडम होत्या, आम्ही दोघं. नात बाहेर व्हरांड्यात.  मी म्हटलं, "मले तेलुगू वाचता येत नाही. डायरीतलं एकही अक्षर मी वाचलं नाही." उभ्या जन्मात हे मी कोणापुढं पहिल्यांदा बोललो. हेडमास्तर खिडकीकडं पाहायला लागले. मॅडम मात्र म्हणाल्या, चूक माझीपण आहे. एवढी झोकदार सही पाहून त्यांना वाटत होतं, घरी सगळं समजते पण कोणाला पर्वा नाही. म्हणून त्यांचं लिहिणं दर खेपेला जास्त कडक होत गेलं, आणि माझी सही तशीच.

मग बोलणं झालं, बहुतेक सून आणि मॅडममध्येच. शाळा भरायच्या आधी मॅडम तासभर तेलुगू शिकवतील. नात स्वतः हो म्हणेपर्यंत वर्गात उभं करून वाचायला लावणार नाहीत. गणितात कच्ची असलेली एक तेलुगू पोरगी शेजारी बसवतील, दोघी एकमेकींना सांगतील. आणि डायरी बंद, काही झालं तर फोन. मी माझा नंबर सांगायला तोंड उघडलं, तोवर मॅडमनी सुनेचा लिहूनही घेतला. मला ते लागलं, खोटं काऊन सांगू. माझ्या वाट्याला आलं सकाळच्या पहिल्या ऑटोत पोरीला शाळेत पोचवणं. गेटावर सोडायचं आणि परत.

महिनाभर बरं चाललं. मग एका दुपारी मी अंगणात कापसातला कचरा काढत होतो, तर नात समोर उभी. फोन आलेला नव्हता.

"आबाजी, मी निघून आली."

"काऊन?"

"दुसरे सर आले होते आज. त्याइले माहीत नव्हतं. वाचाले लावलं."

तोंडात शिवी आली होती, सराला द्यायची का पोरीला, ते ठरलं नव्हतं. ती गिळली. दवाखान्याचा बाक शाळेजवळ होता आणि घर चार कोस. तरी ती ऑटोनं घरी आली होती, आणि आपल्या तोंडानं सांगत होती. मी तिला पाणी दिलं. सून भाकर वाढायला उठली. कोणता शब्द अडला, मी विचारलं. तिनं सांगितला, मला तो आजही म्हणता येत नाही. आम्ही तिघांनी म्हणून पाहिला. सुनेचा इतका वाकडा निघाला की पोरगी हसली, आणि हसता हसता रडली.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, चल. ती म्हणाली, आता दोनच तास राहिले. मी म्हटलं, दोन तर दोन.

दुपारच्या ऑटोनं गेलो. या खेपेला तीच म्हणाली, वर्गापर्यंत या. मॅडमनी आम्हाला दारात पाहिलं, हजेरीचं बुक ओढून त्या दिवसाची तिची अर्धी हजेरी लावली. नात जाऊन त्या गणितवालीच्या शेजारी बसली. मी खिडकीबाहेर जरा वेळ थांबलो, तर तिनं हातानंच खूण केली, जा म्हणून.