दोन्ही कान

साव इम रोज सकाळी तोंडाला तांदळाची पावडर लावायची आणि मग डाव्या कानावर केसांची एक बट ओढून घ्यायची. कान पुरता झाकला, की मगच आरशासमोरून उठायची. ती माझी आत्या. पेनांगमध्ये आम्ही आत्याला कोह म्हणतो.

"कोह, या कानाला काही झालंय का गं?" मी लहानपणी विचारलं होतं.

"त्याला काय धाड भरलीय? मी जिवंत आहे, एवढंच."

पुढचं मला अम्माने, म्हणजे आजीने सांगितलं.

कोहचं लग्न ठरलं होतं. त्याच सुमारास एका पावडरच्या कंपनीला डब्यावर आणि दुकानांच्या पाट्यांवर छापायला सुंदर चेहरा हवा होता. चित्र काढायला बसला म्हातारा बून स्वी. त्याने जन्मभर फक्त मेलेल्यांची चित्रं काढलेली, घराघरांतल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यासाठी. फोटो आले आणि त्याचं ते काम आटलं. चित्रात मेलेला माणूस समोरासमोर बघतो, त्याचे दोन्ही कान दिसतात. जिवंत माणसाची मान जराशी वळलेली काढतात, एकच कान दिसतो. बून स्वीने कोहला समोर बसवलं आणि हाताला सवय होती तसंच काढलं.

पाट्या लागल्या. बायका थांबून विचारायच्या, "आई गं, एवढी कोवळी पोर कशानं गेली?" कॉफीच्या दुकानाबाहेरच्या पाटीखाली कुणीतरी उदबत्त्या लावल्या, संत्री ठेवली. मग रोजच कुणी ना कुणी ठेवू लागलं.

मध्यस्थ बाई दारातच उभी राहिली. "मुलीत खोट नाही हो. पण सासू म्हणते, जिच्यापुढे उदबत्त्या जळतात तिला घरात बसवू कुठे? चुलीपाशी, की देव्हाऱ्यात?"

लग्न मोडलं. पण अम्माला त्याहून जास्त भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. कोह जेवायला बसायची आणि ताट सरकवायची. "भूक नाही. कुणीतरी वाढलंय मला." तिच्या तोंडाला संत्र्यांचा वास यायचा. घरात संत्री नसायची.

अम्मा तडक बून स्वीकडे गेली. "माझ्या पोरीला जिवंतपणी देव्हाऱ्यात बसवलंस, मेल्या!"

तो रडवेला झाला. "हाताला दुसरं वळणच नाही, बाई."

शिडी लावून त्याने प्रत्येक पाटीवर एका कानावर काळे केस रंगवले. कोहची भूक परत आली. पण डबे केव्हाच गावोगावी गेले होते, पार समुद्रापलीकडे मेदान शहरापर्यंत. त्यांवरचे कान कोण झाकणार? म्हणून ती स्वतःचा झाकू लागली. ती विकतची पावडर कधी लावत नसे. तांदूळ रांजणात भिजत घालायची, रोज पाणी बदलायची, वाटून त्या ओल्या पिठाचे थेंब सुपात वाळवायची, तीच तिची पावडर. ते विकूनच तिचं आयुष्य गेलं. तरी मधूनच एखाद्या दिवशी ती ताट सरकवायची. कुठल्या गावी कुणी डब्यापुढे संत्रं ठेवलं असेल, कुणास ठाऊक.

ती पार म्हातारी झाल्यावर एका सकाळी मी तिच्या मागेच उभी होते. तिने पावडर लावली, केस दोन्ही कानांमागे सारले आणि आरशात समोरासमोर बघत बसली. खोलीत संत्र्यांचा वास होता.

"कोह, केस," मी म्हणाले. माझा हात पुढे झाला. तिने तो हलकेच बाजूला केला.

"तांदळाचं पाणी बदललंस का गं? आंबूस वास येतोय बघ."