आमचं दगडी कंपाउंड

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या राजुरीच्या घराला दगडी कंपाउंड घातलं. काम दोन महिन्यांत संपलं, किस्से अजून संपत नाहीत. चार पाहुणे जमले की कुणीतरी एक काढतंच.

गवंडी होते भिकाअण्णा. दगड उचलायचा, फिरवून बघायचा, "ह्यो न्हाई" म्हणायचं आणि मागं ठेवायचा. तीन दिवस हेच! भिंतीचा पत्ता नाही, पण नापास दगडांचा ढीग कमरेएवढा आणि अगदी सरळ रेषेत.

दादा, म्हणजे माझे वडील, वैतागले. "अण्णा, भिंत राहू द्या. हा ढीगच ठेवू!"

अण्णांनी ढिगाकडं निरखून बघितलं. "लई बेस झालाय, राव. पर त्यो चुकून झालाय!"

*

दगड कमी पडले म्हणून दादा ट्रॉली घेऊन जवळच्या आणे पठारावर गेले. तिथं मेंढरं राखणारे एक बाबा दगडावर बसले होते.

"लागंल तेवढं न्या. म्या बसलोय त्यो सोडून."

दादांनी तेवढा सोडून सगळा माळ साफ केला.

चौथ्या दिवशी बाबा मेंढरांसकट आमच्या दारात! "तिथं येकट्या दगडावर करमंना," म्हणाले आणि ढिगावर टेकले. मेंढरांनी आईची मेथी संपवली.

*

जवळच्या खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणारे एक इंजिनिअर आमच्याकडं भाड्यानं राहायचे. ते म्हणाले, "अण्णा, घराच्या मानानं भिंत एका बाजूला चढलीय."

"भिंत लेव्हलमधी हाय. घर उतरलंय."

इंजिनिअरांनी पाण्याची नळी लावून मापलं. घर उतरलेलं निघालं! दादांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं घर!

आई उसळली, "तरीच दूध कायम एकाच बाजूनं उतू जातं! आणि इतकी वर्षं बोलणी मी खातेय!"

*

शेजारचे तात्या आणि दादा हद्दीच्या भांडणावरून सहा वर्षं बोलत नव्हते. शेवटची भिंत त्या दोघांच्या मधली. अण्णांनी आखणीच्या दोरीचं एक टोक दादांच्या हातात दिलं, दुसरं तात्यांच्या.

"टाइट धरा. आलोच जेवून."

अण्णा जेवले आणि तिथंच झोपले. चार वाजता धावत आले, तर दोघं भर उन्हात तसेच उभे, दोरी ताणलेली. आधी सोडणार कोण?

तात्या म्हणाले, "अण्णा, त्यांना इचारा, च्या घेणार का?"

दादा म्हणाले, "त्यांना सांगा, साखर कमी."